महाविद्यालयातील पहिले सत्र आणि ग्रामीण विद्यार्थी

(प्राध्यापक, माध्यमिक शिक्षक, तालुका पातळीवरील अधिकारी व पंचायत सदस्य यांच्या सभेत झालेल्या भाषणाचा मजकूर)



महाविद्यालयाच्या हजेरीपटात एक गोष्ट दरवर्षी दिसते आणि दरवर्षी ती नजरेआड केली जाते. जुलै-ऑगस्टमध्ये प्रथम वर्षाच्या वर्गात बसावयास जागा नसते. खिडकीच्या कट्ट्यावरही मुले टेकलेली असतात. दिवाळीची सुट्टी संपून वर्ग पुन्हा भरतात तेव्हा मागची काही बाके रिकामी असतात. हजेरी घेणारे प्राध्यापक आठ-दहा दिवस ती नावे पुकारतात. पुढे पुकारणेही थांबते. परीक्षेचा अर्ज आला नाही म्हणून कार्यालयातील लिपिक नावावर रेघ ओढतो आणि तेवढ्याने एका मुलाच्या किंवा मुलीच्या उच्च शिक्षणाची अखेर होते. त्या विद्यार्थ्यास कोणी काढून टाकलेले नसते. आपण शिक्षण सोडले असे त्यानेही कोणास सांगितलेले नसते. तो परत आलेला नसतो, इतकेच.

या मुलांची बारावीची गुणपत्रिका काढून पाहिली तर तीत या घटनेचे कारण पुष्कळदा सापडत नाही. वर्गात टिकून राहिलेल्या मुलांइतकेच गुण त्यांनाही मिळालेले असतात. कारण शोधावयाचे तर ते पहिल्या आठ-दहा आठवड्यांत शोधावे लागते. घरातून महाविद्यालयाची पायरी चढणारी ही पहिलीच पिढी. वडिलांनी, काकांनी किंवा थोरल्या भावाने तो रस्ता पूर्वी तुडवलेला नाही. त्यामुळे कोठे अडखळावयास होते हे सांगणारे घरी कोणी नाही. गावच्या शाळेत गुरुजींना मुलाचा बाप ठाऊक असतो, त्यांचे शेत ठाऊक असते, आदल्या दिवशी मुलगा शाळेत का आला नाही हेही ठाऊक असते. महाविद्यालयात तोच मुलगा हजेरीपटातील एक क्रमांक होतो. अडचण आली तर त्याने विचारावे, अशी तेथील रीत आहे आणि ती गैर आहे असेही नाही. परंतु घरात वडीलधाऱ्यांस प्रश्न करणे हा उद्धटपणा मानला गेला, शाळेत प्रश्न गुरुजींनी विचारावयाचे व मुलांनी उत्तरे द्यावयाची असा शिरस्ता राहिला. अठरा वर्षे न विचारण्याचे शिक्षण घेतलेल्या मुलास एका पंधरवड्यात विचारण्याचे धैर्य येईल ही अपेक्षाच चुकीची आहे. ज्यास मदतीची सर्वांत अधिक गरज असते तोच ती मागत नाही. आणि शिष्यवृत्तीपासून समुपदेशनापर्यंतची सारी व्यवस्था मात्र मागणाऱ्यासाठी उभारलेली आहे. प्रथम वर्षाच्या प्रश्नाचे मर्म येथे आहे.

आधी वसतिगृह, मग विद्यालय

महाराष्ट्रात ही गोष्ट कोणास उमगली नव्हती असे नाही. राजर्षी शाहू महाराजांनी १९०१ साली कोल्हापुरात व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंगपासून वसतिगृहांची जी मालिका सुरू केली, तिच्यामागे हाच विचार होता. शहरात शाळा होती, महाविद्यालय होते; पण खेड्यातून आलेल्या मुलास रात्री पाठ टेकावयास जागा नव्हती व दोन वेळच्या जेवणाची शाश्वती नव्हती. एकामागून एक निरनिराळ्या समाजांसाठी वसतिगृहे निघाली. अस्पृश्य मानल्या गेलेल्या विद्यार्थ्यांसाठी १९०८ साली मिस क्लार्क बोर्डिंग निघाले. कर्मवीर भाऊराव पाटील हे विद्यार्थिदशेत कोल्हापूरच्या अशाच एका वसतिगृहात राहिलेले. त्यांनी १९१९ साली रयत शिक्षण संस्था स्थापन केली आणि १९२४ साली साताऱ्यात कामास हात घातला तो वसतिगृहापासून. सर्व जातींची मुले एकत्र राहत, हाताने स्वयंपाक करीत, कष्टाची कामे करीत आणि शिकत. या वसतिगृहास १९२७ साली महात्मा गांधींच्या हस्ते श्री छत्रपती शाहू बोर्डिंग हाउस हे नाव मिळाले. मुलांच्या जेवणाची भ्रांत पडली तेव्हा लक्ष्मीबाई पाटील यांनी अंगावरचे दागिने आणि शेवटी मंगळसूत्रही दिले, हे सर्वश्रुत आहे. साताऱ्यातील छत्रपती शिवाजी महाविद्यालय निघाले ते पुढे १९४७ साली. आधी मुलांची राहण्या-जेवण्याची व्यवस्था आणि नंतर महाविद्यालय, हा तेथील क्रम. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने १९५० साली औरंगाबादेस, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात, जे महाविद्यालय सुरू केले व जे पुढे मिलिंद महाविद्यालय म्हणून नावारूपास आले, तेथेही वसतिगृह हे महाविद्यालयाचे अंगच मानले गेले. पुण्यात १९५५ साली डॉ. अच्युत आपटे यांच्या पुढाकाराने विद्यार्थी साहाय्यक समिती उभी राहिली तीही खेड्यातून आलेल्या विद्यार्थ्याच्या निवासाचा व जेवणाचा प्रश्न हाती घेऊनच.

त्यापूर्वीच्या काळी वार लावून जेवण्याची, माधुकरी मागण्याची पद्धत होती. तिचे कौतुक आजही समारंभांतून ऐकू येते. पूर्वीची मुले कशी हालअपेष्टांत शिकली आणि आताची कशी नाजूक झाली, असा त्या कौतुकाचा रोख असतो. परंतु ज्यांनी वार लावून शिक्षण पुरे केले त्यांचीच आत्मचरित्रे लिहिली गेली. जे मधूनच गावी परतले त्यांची नोंद कोणी ठेवलेली नाही आणि ज्या समाजांतील मुलांस वार लावून घेण्यास एकही घर तयार नव्हते त्यांचा तर विचारच त्या कौतुकात नसतो.

पुढे विद्यापीठे वाढली. मुंबई विद्यापीठ १८५७ चे, नागपूरचे १९२३ चे. स्वातंत्र्यानंतर पुणे १९४९, मराठवाडा १९५८, शिवाजी १९६२, अमरावती १९८३, जळगाव १९९०, नांदेड १९९४, सोलापूर २००४ आणि गडचिरोलीचे गोंडवाना विद्यापीठ २०११ अशी विद्यापीठे विद्यार्थ्याच्या जवळ येत गेली. महाविद्यालये तालुक्याच्या गावी पोहोचली. अंतर कमी झाले ही मोठीच गोष्ट झाली. मात्र महाविद्यालय जवळ आले म्हणजे मुलाची काळजी वाहण्याचे कारण उरले नाही, असा एक समज त्याबरोबर रूढ झाला.

शब्दांची अडचण

नव्या विद्यार्थ्यास पहिला धक्का बसतो तो शब्दांचा. राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानुसार राज्यातील स्वायत्त महाविद्यालयांत २०२३-२४ पासून आणि संलग्न महाविद्यालयांत २०२४-२५ पासून पदवी अभ्यासक्रमाची नवी रचना लागू झाली. पहिल्याच आठवड्यात विद्यार्थ्यापुढे मेजर, मायनर, ओपन इलेक्टिव्ह, कौशल्य संवर्धन, मूल्यवर्धन, भारतीय ज्ञान प्रणाली आणि क्रेडिट असे शब्द येतात व त्यांतून त्याने निवड करावयाची असते. निवडीचे स्वातंत्र्य ही उत्तम गोष्ट खरीच. पण कशातून काय निवडावयाचे हे न कळता केलेल्या निवडीस स्वातंत्र्य म्हणता येत नाही. प्रत्यक्षात गावाकडचा मित्र जो विषय घेतो तो हाही घेतो, किंवा नेट कॅफेतील अर्ज भरून देणारा जी खूण करील ती कायम होते. आपण कोणता मायनर विषय घेतला आहे हे काही विद्यार्थ्यांस सत्र निम्मे सरल्यावर कळते.

सत्र पद्धतीचे गणितही कोणी समजावून सांगत नाही. शाळेत वर्षाच्या शेवटी परीक्षा व तिच्यासाठी शेवटचे दोन महिने अभ्यास, हे पक्के बसलेले असते. येथे चाचण्या, जर्नल, सादरीकरण, उपस्थिती यांचे अंतर्गत गुण सुरुवातीपासूनच पडत असतात. गौरी-गणपतीस गावी गेलेला विद्यार्थी भातकापणीपर्यंत रेंगाळला तर परत येईपावेतो त्याचे निम्मे सत्र संपलेले असते. आपण काही गमावले हे त्यास निकालाच्या दिवशी समजते, कारण त्याच्या समजुतीप्रमाणे परीक्षा अजून व्हावयाचीच होती.

याहून खोल अडचण भाषेची आहे. वाणिज्य शाखेचे उदाहरण घ्यावे. घसारा म्हणजे काय, ताळेबंद कसा जुळवावयाचा, जमा कोणते आणि नावे कोणते, हे बारावीपर्यंत मराठीतून शिकलेल्या मुलास पक्के येत असते. शहरातील महाविद्यालयात तोच घसारा डेप्रिसिएशन या नावाने आणि तोच ताळेबंद बॅलन्स शीट या नावाने फळ्यावर येतो. जे येते तेच आपणांस येत नाही, अशी त्याची समजूत होते. आणि ही समजूत विषय न येण्यापेक्षा अधिक घातक असते. विज्ञान शाखेच्या मुलास हा अनुभव अकरावीत एकदा येऊन गेलेला असतो. संवेग, त्वरण, प्रकाशसंश्लेषण ही त्याची ओळखीची मंडळी तेव्हाच परकी झालेली असतात. पदवीच्या वर्गात पाठ्यपुस्तक जाडजूड होते, शिकवण्याचा वेग वाढतो आणि मधल्या दोन वर्षांत पाठांतरावर भागवलेले सारे उघडे पडते.

यावरचा उपाय खर्चाचा नाही. पहिल्या महिन्यात प्रत्येक तासाच्या आरंभी त्या दिवशी येणाऱ्या दहा-बारा संज्ञा फळ्यावर दोन रकान्यांत, मराठी व इंग्रजी अशा, लिहिल्या तर पाच मिनिटे लागतात. त्यासाठी नवे काही रचावे लागत नाही. राज्य शासनाने १९६० साली स्थापन केलेल्या भाषा संचालनालयाने निरनिराळ्या विषयांचे परिभाषा कोश तयार केलेले आहेत. ते बहुतेक ग्रंथालयांत संदर्भ विभागात कुलुपात असतात. ते बाहेर काढून वाचनकक्षातील टेबलावर ठेवावयाचे, एवढेच ग्रंथपालाने करावयाचे आहे.

कार्यालयाची खिडकी

महाविद्यालयाशी विद्यार्थ्याचा पहिला संबंध प्राध्यापकाशी येत नाही. तो कार्यालयाच्या खिडकीशी येतो. तेथे 'उद्या या' हे उत्तर दोनदा मिळाले की तिसऱ्यांदा जाण्याची उमेद बहुतेकांत उरत नाही. शहरातला मुलगा वाद घालतो, ओळख काढतो, वडिलांना घेऊन येतो. खेड्यातल्या मुलाचे वडील आलेच तर तेही मुलामागे, खिडकीपासून चार हात अंतर राखून उभे राहतात. लिपिकावर कामाचा भार मोठा असतो आणि प्रवेशाच्या दिवसांत त्यास मान वर करावयास सवड नसते, हेही येथे नमूद करावयास हवे. पण त्याच्या लक्षात न आलेली एक गोष्ट अशी की, दुपारनंतर गावाकडची गाडी गाठण्यासाठी रांग सोडून गेलेला विद्यार्थी दुसऱ्या दिवशी येईलच असे नाही.

शिष्यवृत्तीचे अर्ज आता महाडीबीटी संकेतस्थळावर भरले जातात व रक्कम थेट बँकेच्या खात्यात जमा होते. त्यामुळे मधल्या मध्ये होणारे अनेक प्रकार बंद झाले. परंतु अर्ज कोठे अडतो हे पाहू गेल्यास कारणे अगदी साधी दिसतात. अर्जात मोबाईल क्रमांक नेट कॅफेवाल्याचा किंवा एखाद्या नातेवाइकाचा घातलेला असतो. अर्जात त्रुटी आहे, तो दुरुस्त करून पुन्हा पाठवावा, असा संदेश त्या क्रमांकावर जातो आणि तेथेच राहतो. मुदत उलटते. दुसरा प्रकार खात्याचा. विद्यार्थ्याने महाविद्यालयाजवळच्या बँकेत नवे खाते काढलेले असते आणि आधार क्रमांक जोडलेला असतो तो गावाकडच्या, कधीकाळी काढून विसरलेल्या खात्यास. रक्कम त्या खात्यात जमा होते, किंवा ते बंद पडलेले असल्यास परत जाते. आणि शिष्यवृत्ती मिळाली नाही अशी तक्रार विद्यार्थी मनातल्या मनात करीत राहतो. खाणावळवाला मात्र महिन्याच्या महिन्याला पैसे मागतो.

वसतिगृहांचेही तसेच. सामाजिक न्याय व आदिवासी विकास विभागांची शासकीय वसतिगृहे आहेत. तेथे प्रवेश न मिळालेल्या अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना २०१६-१७ पासून आहे, अनुसूचित जमातींच्या विद्यार्थ्यांसाठी पंडित दीनदयाळ उपाध्याय स्वयम् योजना आहे, इतर गरजूंसाठी डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता योजना आहे. योजनांची वाण नाही. उणीव आहे ती वेळेची. महाविद्यालय सुरू होण्याचा दिवस आणि वसतिगृहाची यादी लागण्याचा किंवा पहिला हप्ता हाती पडण्याचा दिवस, यांत कधी काही आठवडे तर कधी काही महिने जातात. या मधल्या काळात मुलगा पाहुण्यांच्या घरी ओसरीवर झोपतो, दहा जणांच्या खोलीत कॉट घेतो, किंवा यादी लागेपर्यंत गावीच थांबतो. तो गावी थांबला म्हणजे नेमके तेच आठवडे बुडतात, ज्यांत वर्गातील ओळखी होतात, गट जमतात आणि विषयांची पायाभरणी होते. समाजकल्याण व आदिवासी विकास विभागांच्या जिल्हा कार्यालयांनी प्रथम वर्षाच्या अर्जांची छाननी इतर वर्षांच्या आधी हाती घेतली, तर अंदाजपत्रकात एक रुपयाही न वाढवता हे अंतर बरेच कमी होईल.

स्वागत समारंभ आणि पालक-शिक्षक

विद्यापीठ अनुदान आयोगाने नवागत विद्यार्थ्यांच्या परिचयासाठी २०१९ मध्ये 'दीक्षारंभ' या नावाने मार्गदर्शक पुस्तिका प्रसिद्ध केली. तांत्रिक शिक्षणाच्या संस्थांत तर तीन आठवड्यांचा असा कार्यक्रम अपेक्षित आहे. मूळ कल्पना चांगली आहे: विद्यार्थ्याने परिसर हिंडून पाहावा, शिक्षकांशी बोलावे, वरच्या वर्गातील मुलांची ओळख करून घ्यावी. पुष्कळ ठिकाणी या कल्पनेचे जे होते ते सर्वांच्या परिचयाचे आहे. दीपप्रज्वलन, पाहुण्यांचा परिचय, शाल-श्रीफळ, संस्थेच्या प्रगतीचा अहवाल आणि दोन भाषणे. ज्याच्यासाठी हा सारा खटाटोप, तो शेवटच्या रांगेत बसून घड्याळाकडे पाहत असतो. आणि सभागृहातून बाहेर पडताना ग्रंथालयाचे कार्ड कोठे मिळते हे त्यास ठाऊक नसते ते नसतेच.

त्याऐवजी पहिल्या आठवड्यात विद्यार्थ्यांच्या पंधरा-वीस जणांच्या तुकड्या कराव्यात आणि दुसऱ्या वर्षाच्या एका विद्यार्थ्याबरोबर त्यांना फिरवून आणावे. ग्रंथालयात जाऊन प्रत्येकाने एक पुस्तक प्रत्यक्ष घरी न्यावे. शिष्यवृत्तीच्या खिडकीशी जाऊन तेथील लिपिकाचे नाव विचारावे. प्रयोगशाळा, मुलींचा कक्ष, स्वच्छतागृह, पिण्याचे पाणी, डबा खाण्याची जागा दाखवावी. हा दुसऱ्या वर्षाचा विद्यार्थी शक्य तर त्याच तालुक्यातला असावा. प्राध्यापकास न विचारलेली गोष्ट मुले त्यास सहज विचारतात, आणि वर्षापूर्वी आपण कोठे चुकलो हे त्याच्या ताजे स्मरणात असते.

पालक-शिक्षक योजना जवळजवळ प्रत्येक महाविद्यालयात आहे. निदान कागदावर आहे. मूल्यांकन समिती येण्याच्या सुमारास तिच्या फाइली नीट लावल्या जातात. एका प्राध्यापकाकडे साठ-सत्तर नावे असतील तर ती योजना चालणे अशक्य आहे, हे कोणीही मान्य करील. वीस विद्यार्थी असतील तर ती चालते. आणि तिच्यासाठी मानसशास्त्राची पदवी लागत नाही. पहिल्या पंधरवड्यात प्रत्येकास तीन प्रश्न विचारावयाचे: राहतोस कोठे, जेवतोस कोठे, येतोस कसा? या तिन्हींपैकी एकाचे जरी उत्तर डळमळीत आले तरी तो विद्यार्थी संकटात आहे असे समजावे, मग त्याचे गुण काहीही असोत. लागोपाठ तीन दिवस गैरहजर राहिलेल्यास त्याच दिवशी दूरध्वनी करावा. तो करताना जाब विचारण्याचा सूर नसावा. नाहीतर दुसऱ्या वेळी दूरध्वनी उचललाच जात नाही. दिवाळीनंतरच्या पहिल्या आठवड्यात तर ही विचारपूस प्रत्येक गैरहजर विद्यार्थ्याची व्हावयास पाहिजे. त्याचा दूरध्वनी लागला नाही तर तो ज्या शाळेतून आला तेथील मुख्याध्यापकांस कळवावे. माध्यमिक शिक्षकाच्या एका शब्दाने परत आलेली मुले प्रत्येक तालुक्यात आहेत.

मन खचलेल्या विद्यार्थ्यासाठी मात्र सद्भावना पुरेशी नसते; तेथे जाणकाराची मदत लागते. सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२५ मध्ये दिलेल्या निर्देशांनुसार १०० किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या शिक्षणसंस्थेने किमान एक प्रशिक्षित समुपदेशक नेमावयाचा आहे. केंद्र शासनाची टेलिमानस ही सेवा ऑक्टोबर २०२२ पासून सुरू असून १४४१६ या क्रमांकावर केव्हाही, आपल्या भाषेत बोलता येते. हा क्रमांक सूचनाफलकावर लावणे पुरेसे नाही. सूचनाफलकासमोर उभे राहून तो उतरवून घेताना कोणी पाहील, या धास्तीने तो कोणी उतरवून घेत नाही. ओळखपत्राच्या मागच्या बाजूस तो छापावा.

रॅगिंगविरुद्ध महाराष्ट्राचा कायदा १९९९ पासून अस्तित्वात आहे. दोन वर्षांपर्यंत कारावास आणि दहा हजार रुपयांपर्यंत दंड अशी त्यात शिक्षा आहे. दोषी विद्यार्थ्यास काढून टाकून पाच वर्षे अन्य संस्थेत प्रवेश न देण्याचीही तरतूद आहे. ढोबळ छळास त्यामुळे काही पायबंद बसला. परंतु बोलीची नक्कल, कपड्यांवरून टोमणे, आडनाव विचारून मग गावाचा कोणता भाग असे विचारणे, प्रवेशाच्या यादीतील क्रमांक पाहून राखीव जागेचा उल्लेख करणे, यांची तक्रार कोणी लिहून देत नाही. ज्याच्या वाट्यास हे येते तो वर्गात तोंड उघडणे बंद करतो. येथे कायद्यापेक्षा प्राध्यापकाचे वर्तन अधिक परिणाम करते. वऱ्हाडी, अहिराणी किंवा मालवणी वळणाच्या मराठीत उत्तर देणाऱ्या मुलाचे उत्तर बरोबर असेल तर ते बरोबर आहे असे भर वर्गात स्पष्ट सांगितले गेले, की हसणारे पुढच्या वेळी जपून हसतात.

गावाने करावयाचे काम

विद्यार्थी महाविद्यालयात जातो तो जूनमध्ये नव्हे; त्याची तयारी मार्च-एप्रिलमध्ये व्हावयास हवी, आणि ते काम गावाचे आहे. उत्पन्नाचा दाखला, अधिवास, जातीचा दाखला व त्याची वैधता, नॉन-क्रीमीलेअर ही कागदपत्रे निकाल लागल्यानंतर काढावयास गेले तर तहसील कार्यालयात झुंबड उडते. लोकसेवा हक्क कायदा २०१५ पासून लागू आहे आणि अधिसूचित दाखल्यांसाठी मुदत ठरलेली आहे. बारावीच्या परीक्षा संपताच कनिष्ठ महाविद्यालयात तलाठी व सेवा केंद्राचा चालक यांना एक दिवस बोलावून सर्वांचे अर्ज एकदम भरून घेतले, तर जून महिन्यातील निम्मी धावपळ वाचेल. त्याच दिवशी प्रत्येक विद्यार्थ्याचा स्वतःचा, निदान आईवडिलांचा, मोबाईल क्रमांक आणि आधार जोडलेले खाते तपासून घ्यावे.

मुलींच्या बाबतीत गावाची जबाबदारी अधिक. राज्य शासनाच्या २०२४ च्या निर्णयाप्रमाणे आर्थिकदृष्ट्या दुर्बल, सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास आणि इतर मागास प्रवर्गांतील, वार्षिक ८ लाख रुपयांच्या आत उत्पन्न असलेल्या कुटुंबांतील मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांसाठी शिक्षण व परीक्षा शुल्कात १०० टक्के सवलत मिळते. परंतु मुलीचे शिक्षण शुल्कापायी जितके थांबते त्याहून अधिक ते घरातल्या 'वर्षभर पाहू' या वाक्यापायी थांबते. ती रडली, आजारी पडली, एका विषयात राहिली किंवा गाडी चुकून एकदा अंधार पडल्यावर घरी आली, तर त्या वर्षाचा निकाल परीक्षेआधीच लागलेला असतो. ग्रामपंचायतीत २०११ पासून निम्म्या जागा स्त्रियांच्या आहेत. गावातून बाहेर शिकावयास जाणाऱ्या मुलींच्या घरी, पहिल्या सत्राच्या मध्यावर, एखाद्या सदस्या ताईने जाऊन आईजवळ बसावे. वडिलांशी नंतर बोलता येते.

नव्या धोरणानुसार पहिले वर्ष पुरे करून ठरावीक क्रेडिट मिळविल्यास व नेमून दिलेला कौशल्य अभ्यासक्रम केल्यास प्रमाणपत्र घेऊन थांबता येते आणि पुढे पुन्हा प्रवेश घेता येतो. अडचणीतील विद्यार्थ्यास हा आधार आहे, यात शंका नाही. मात्र त्याची दुसरी बाजू शिक्षकांनी व पंचायत सदस्यांनी ओळखून असावे. 'प्रमाणपत्र मिळाले, आता पुरे' असे म्हणण्यास घरास सोयीचे निमित्त त्यातून मिळू शकते, विशेषतः मुलींच्या बाबतीत. आणि जो दिवाळीत परततो त्याच्या हाती तर प्रमाणपत्रही नसते.

तालुक्याच्या महाविद्यालयात जाणारे कितीतरी विद्यार्थी वसतिगृहात राहत नाहीत. ते रोज एस. टी. ने येतात. त्यांचे सारे महाविद्यालयीन जीवन गाडीच्या वेळांवर बेतलेले असते. मुक्कामी गाडी पहाटे सुटते म्हणून ते पहिल्या तासाला वेळेवर पोहोचतात, तेही बहुधा उपाशीपोटी. परतीची गाडी लवकर म्हणून शेवटचा तास, प्रात्यक्षिक, ग्रंथालय, मैदान, वक्तृत्व मंडळ आणि राष्ट्रीय सेवा योजनेचे काम या सर्वांस ते मुकतात. महाविद्यालयात जे वर्गाबाहेर मिळते ते त्यांना मिळतच नाही. आणि पुष्कळदा माणूस टिकतो तो त्याच्याच बळावर. विद्यार्थ्यांना मासिक पासात ६६.६७ टक्के सवलत आहे. बारावीपर्यंत मोफत पासावर आलेल्या ग्रामीण मुलीस मात्र पदवीच्या वर्गात आल्यावर, सवलतीच्या दराने का होईना, पास विकत घ्यावा लागतो. ही रक्कम लहान दिसते, पण ती दरमहा घरातून मागावी लागते. ग्रामपंचायतीने आपल्या निधीतून दहा-पंधरा मुलींच्या पासांची तजवीज करणे अशक्य नाही.

गाडीच्या वेळेचे काम तर याहून सोपे आहे. एका मार्गावरील चार-पाच ग्रामपंचायतींनी मिळून ठराव करावा, त्यास महाविद्यालयाचे वेळापत्रक व गावोगावच्या विद्यार्थ्यांची संख्या जोडावी आणि तो जूनच्या आत आगार व्यवस्थापकांकडे स्वतः नेऊन द्यावा. प्राचार्यांनी त्यावर शिफारशीचे पत्र द्यावे. निवेदने आगारात पुष्कळ येतात. वेळापत्रक आणि आकडे जोडलेले निवेदन क्वचितच येते. सायंकाळची गाडी पाचऐवजी सव्वासहाला सुटू लागली, तर प्रात्यक्षिक पुरे करून, ग्रंथालयात अर्धा तास बसून आणि पुस्तक बदलून घेऊन त्या गावांतील मुली दिवेलागणीस घरी पोहोचतील.